माहितीकोशातील साखळी-पृच्छा : रचना आणि कार्यवाही

गावाचा बहुतेक व्यवहार नोंदींच्या आधारे चालतो. जमिनीचा खसरा, शाळेचे दाखल रजिस्टर, जन्ममृत्यूची नोंदवही, घरपट्टी व पाणीपट्टी यांची खाती ही त्याची नित्याची उदाहरणे होत. पूर्वी या नोंदी पाहावयाच्या म्हणजे पटवाऱ्याचा बस्ता उघडावा लागे. आता त्यांतील पुष्कळशा नोंदी संगणकात साठविल्या जातात आणि हवी ती नोंद संगणकाला प्रश्न विचारून मिळविली जाते. मात्र उत्तर कितपत खरे येईल हे नोंदींइतकेच प्रश्न कसा रचला यावरही अवलंबून असते. प्रश्न चुकीचा रचला गेला तर नोंद अचूक असूनही ती सापडत नाही आणि अर्जदाराला रिकाम्या हाताने परतावे लागते. म्हणून असे प्रश्न कसे रचले जातात व कसे चालविले जातात, याची स्थूल माहिती अधिकारी, शिक्षक व ग्रामस्थ या सर्वांना असणे हितावह आहे. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत प्रचलित असलेली साखळी-पृच्छेची पद्धत या दृष्टीने समजून घेण्याजोगी आहे.

लोधीखेड्याचे उदाहरण

सौसर तहसिलीतील लोधीखेडा हे नगर परिषदेचे गाव नागपूर-छिंदवाडा मार्गावर आहे. सौसर व पांढुर्णा हा कापसाचा आणि संत्र्याचा मुलूख. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भातील आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे येथील घराघरांत मराठी बोलली जात असली तरी कार्यालयीन कागदपत्रे हिंदीत लिहिली जातात. पुढे २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला व सौसर तहसील त्यात समाविष्ट झाली.

संगणकीय नोंदींच्या दृष्टीने या दोन्ही घटना महत्त्वाच्या आहेत. एकच गाव मराठीत "लोधीखेडा" असे, तर हिंदीत ड खाली नुक्ता देऊन "लोधीखेड़ा" असे लिहिले जाते. त्याच गावाच्या जुन्या कागदावर जिल्हा छिंदवाडा असतो, नव्या कागदावर पांढुर्णा असतो. वाचणाऱ्या माणसाला यात काहीच अडचण वाटत नाही. संगणकाला मात्र ही चार निरनिराळी नावे दिसतात. पुढील विवेचनात खातेदार, खसरे व पिके यांच्या तक्त्यांची उदाहरणे घेतली आहेत. ती केवळ विषय समजावा म्हणून कल्पिलेली आहेत. कोणत्याही कार्यालयाच्या प्रत्यक्ष संगणकव्यवस्थेचे ते वर्णन नव्हे.

माहितीकोश व पृच्छा

माहितीकोश, म्हणजेच डेटाबेस, हा तक्त्यांचा संग्रह होय. तक्त्यात स्तंभ व ओळी असतात. एका तक्त्यात खातेदाराचे नाव व खातेक्रमांक, दुसऱ्यात खसरा क्रमांक व क्षेत्र, तिसऱ्यात गिरदावरीत आढळलेले पीक, अशी विभागणी केलेली असते आणि सामाईक क्रमांकांच्या आधारे हे तक्ते परस्परांशी जोडता येतात. या पद्धतीचा तात्त्विक पाया ई. एफ. कॉड यांनी १९७० साली घातला. त्यानंतर १९७४ साली आयबीएम कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच आज एसक्यूएल या नावाने सर्वत्र वापरली जाते. या भाषेतील प्रश्नाला क्वेरी किंवा पृच्छा म्हणतात.

एसक्यूएलमधील पृच्छा हे एक ठरावीक क्रमाचे वाक्य असते. कोणते स्तंभ हवेत, कोणत्या तक्त्यातून हवेत, कोणत्या अटीवर हवेत, कोणत्या क्रमाने हवेत आणि किती ओळी हव्यात, हे त्यात त्याच क्रमाने सांगावे लागते.

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत तयार केली. आरंभी तिचे क्षेत्र ब्राउझरपुरते मर्यादित होते. रायन डाल यांनी २००९ साली नोड ही प्रणाली पुढे आणल्यानंतर ही भाषा कार्यालयातील मुख्य संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, मोठ्या प्रमाणावर चालू लागली आणि तिच्यातून माहितीकोशाला पृच्छा करण्याची गरज वाढली. आरंभीचा सोपा मार्ग म्हणजे शब्दांचे तुकडे जोडून एसक्यूएलचे वाक्य तयार करणे. या मार्गात धोके फार. एखादी जागा सोडावयाची राहिली, एखादे अवतरणचिन्ह चुकले की वाक्य मोडते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, नावाच्या चौकटीत कोणी नावाऐवजी एसक्यूएलचा तुकडाच लिहिला तर तो पृच्छेचा भाग बनतो आणि परक्याच्या हुकुमाने माहितीकोश उघडा पडतो.

साखळीची रचना

या अडचणींवर उपाय म्हणून पृच्छा-रचक साधने निर्माण झाली. जावास्क्रिप्टमधील कनेक्स हे असे एक सुपरिचित साधन आहे. मोंगोडीबी या निराळ्या धर्तीच्या माहितीकोशासाठी मोंगूज हे साधन वापरतात. अशा साधनात पृच्छा एका दमात लिहीत नाहीत. एक क्रिया, मग टिंब, पुन्हा दुसरी क्रिया, मग टिंब, अशी ती कडीला कडी जोडत नेली जाते. म्हणून तिला साखळी-पृच्छा म्हणावयाचे.

कार्यालयातील नस्तीचे उदाहरण घेतल्यास ही पद्धत चटकन ध्यानात येते. नस्ती पहिल्या मेजावर येते, तेथील लिपिक आपली टिपणी जोडतो आणि तीच नस्ती पुढच्या मेजाकडे पाठवितो. पुढचा लिपिक आपली टिपणी घालतो व नस्ती पुढे सरकवितो. साखळी-पृच्छेत "सिलेक्ट" ही क्रिया हव्या असलेल्या स्तंभांची टिपणी जोडते, "व्हेअर" अटीची जोडते, "ऑर्डर बाय" क्रमाची आणि "लिमिट" ओळींच्या संख्येची जोडते. प्रत्येक क्रिया आपले काम संपवून तोच पृच्छा-रचक परत करते. म्हणूनच त्याला पुढची कडी लावता येते. एखादी क्रिया रचक परत करावयास विसरली तर साखळी तेथेच तुटते.

लोधीखेड्यातील संत्र्याखालील खसऱ्यांची यादी हवी असल्यास साखळी अशी होईल : पिकांचा तक्ता, टिंब, व्हेअर, गाव-क्रमांक अमुक, टिंब, व्हेअर, पीक संत्रा, टिंब, ऑर्डर बाय, खसरा क्रमांक, टिंब, लिमिट, वीस. येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की, या कड्या बऱ्याच अंशी मागेपुढे लिहिल्या तरी चालतात. एसक्यूएलला हवा असलेला क्रम रचक स्वतः लावतो. दुसरी अशी की, गावाचे व पिकाचे मूल्य वाक्यात मिसळले जात नाही. वाक्यात केवळ रिकामी जागा ठेवली जाते आणि मूल्ये वेगळी पाठविली जातात. त्यामुळे नावाच्या चौकटीत कोणी काहीही लिहिले तरी माहितीकोश त्याकडे आज्ञा म्हणून न पाहता केवळ मजकूर म्हणून पाहतो. मात्र याच साधनांत कच्चे एसक्यूएल थेट लिहिण्याचीही सोय असते. तिचा वापर करून मूल्ये वाक्यात चिकटविली तर हे संरक्षण उरत नाही.

साखळीचा आणखी एक लाभ म्हणजे कडी प्रसंगानुसार जोडता येते. अर्जदाराने पिकाचे नाव दिले असेल तर पिकाची अट लावावी, दिले नसेल तर ती कडी वगळावी, हे तुकडे जोडण्याच्या पद्धतीपेक्षा येथे पुष्कळच सुरक्षितपणे साधते.

रचना वेगळी, कार्यवाही वेगळी

नस्ती पूर्ण तयार झाली म्हणजे काम झाले असे नव्हे. सक्षम अधिकाऱ्याची स्वाक्षरी झाल्यावरच ती अभिलेख कक्षाकडे जाते. साखळी-पृच्छेचेही तसेच आहे. साखळी लिहिली म्हणजे ती केवळ रचली गेली. माहितीकोशाला अद्याप काहीही विचारलेले नसते. "अवेट" हा शब्द किंवा "देन" ही क्रिया योजल्यावर पृच्छा प्रत्यक्ष रवाना होते.

याचे कारण जावास्क्रिप्टच्या स्वभावात आहे. माहितीकोश बहुधा दुसऱ्या संगणकावर असतो व उत्तर यावयास काही काळ लागतो. जावास्क्रिप्ट तोवर खोळंबून राहत नाही. ती प्रॉमिस, म्हणजे उत्तराचे वचन, हाती घेऊन पुढील कामाला लागते. प्रॉमिसची सोय या भाषेच्या अधिकृत मानकात २०१५ साली आली आणि अवेटची २०१७ साली. कनेक्समध्ये अवेट किंवा देन विसरले गेले तर पृच्छा निघतच नाही आणि त्रुटीचा संदेशही येत नाही. नोंद बदलण्याची आज्ञा लिहिलेली असते, पडद्यावर "काम झाले" असे दिसते आणि नोंद मात्र जुनीच राहते. नामांतर झाले असे समजून निश्चिंत राहिलेल्या खातेदाराच्या दृष्टीने ही चूक लहान नव्हे.

एकच रचक दोन कामांसाठी वापरणे हीही नेहमी घडणारी चूक आहे. एका यादीसाठी संत्र्याची अट लावली, त्याच रचकावर दुसऱ्या यादीसाठी कापसाची अट लावली, तर दोन्ही अटी एकाच नस्तीत जमा होतात आणि दुसरी यादी रिकामी निघते. अशा वेळी "क्लोन" या क्रियेने मूळ रचकाची प्रत काढून घ्यावी व प्रतीवर काम करावे. मोंगूजच्या सहाव्या आवृत्तीपासून तर एकदा चालविलेली पृच्छा प्रत काढल्याखेरीज पुन्हा चालवूच दिली जात नाही.

"आणि" व "किंवा"

एकापुढे एक लावलेल्या अटी "आणि" या शब्दाने जोडल्या जातात. "किंवा" हवे असेल तर वेगळी कडी लावावी लागते. येथे सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. "गाव लोधीखेडा आणि पीक संत्रा किंवा पीक मोसंबी" असे वाक्य बोलताना लोधीखेड्यातील संत्रा व मोसंबी असाच अर्थ घेतला जातो. परंतु एसक्यूएलमध्ये "आणि" आधी जुळते व "किंवा" नंतर. म्हणून उत्तरात लोधीखेड्याचा संत्रा आणि तक्त्यातील सर्व गावांची मोसंबी येते. पीकविषयक दोन्ही अटी एका कंसात घातल्या म्हणजे ही चूक टळते. कनेक्समध्ये व्हेअरच्या पोटात दुसरी छोटी साखळी देऊन हा कंस तयार करता येतो. मदतीच्या यादीत परगावची नावे अकस्मात शिरलेली आढळल्यास प्रथम हा कंस तपासावा.

एका उत्तरातून दुसरा प्रश्न

कधी पहिल्या पृच्छेचे उत्तर मिळाल्याखेरीज दुसरी पृच्छा करता येत नाही. नावावरून खातेक्रमांक, खातेक्रमांकावरून खसरे आणि खसऱ्यांवरून पिके, असा हा प्रवास असतो. प्रत्येक टप्प्यावर अवेट लावून तो क्रमाने पार पाडता येतो. ज्या पृच्छा परस्परांवर अवलंबून नाहीत, त्या मात्र एकाच वेळी पाठवाव्यात. त्यामुळे वेळ वाचतो.

येथे एक सापळा आहे. तीनशे खात्यांची यादी मिळवावी आणि मग प्रत्येक खात्यासाठी पिकांची स्वतंत्र पृच्छा करावी, असे केल्यास एकूण तीनशे एक फेऱ्या होतात. तेच काम दोन तक्ते जोडून, म्हणजे "जॉइन" करून, एका पृच्छेत होते. पण जोडणीचे प्रकार आहेत आणि त्यांतील भेद शेतकऱ्याच्या दृष्टीने मोलाचा आहे. साध्या जोडणीत दोन्ही तक्त्यांत नोंद असलेलीच खाती उरतात. ज्याच्या पिकाची नोंद गिरदावरीत राहून गेली असेल, त्याचे नाव यादीतून निमूटपणे गळते. "लेफ्ट जॉइन" वापरल्यास असे खाते यादीत राहते व पिकाची जागा रिकामी दिसते. ही रिकामी जागाच अधिकाऱ्याला सांगते की, येथे चौकशी करणे बाकी आहे. पिकाची अट मात्र जोडणीच्या अटीतच घालावी लागते. ती नंतर व्हेअरमध्ये घातली तर लेफ्ट जॉइन करूनही रिकाम्या जागेची खाती गळून पडतात.

मोठी यादी पृष्ठवार दाखविताना निश्चित क्रम देणेही अगत्याचे आहे. क्रम न सांगता केवळ "पहिल्या वीस", "पुढच्या वीस" ओळी मागितल्यास काही नावे दोनदा येण्याचा व काही मुळीच न येण्याचा संभव असतो.

नोंद बदलताना

वाचनाच्या पृच्छेतील चूक सुधारता येते. लेखनाच्या पृच्छेतील चूक महागात पडते. बदलाच्या किंवा खारीज करण्याच्या साखळीत व्हेअरची कडी राहून गेली तर तो बदल तक्त्यातील प्रत्येक ओळीला लागू होतो. म्हणून तीच अट लावून आधी ओळी मोजून पाहाव्यात आणि अपेक्षित संख्या आल्यावरच बदल करावा. अटीचे मूल्य अनवधानाने अनिश्चित राहिले तर कनेक्स त्रुटी दाखवून पृच्छा थांबविते. ही सोय चांगली आहे, परंतु मुळात विसरलेली कडी तिला ओळखता येत नाही.

एका खात्यातून क्षेत्र वजा करून दुसऱ्यात जमा करावयाचे असेल, तर ही दोन कामे एकत्र पार पडली पाहिजेत. पहिले झाले आणि मध्येच वीज गेली, तर जमीन कोणाच्याच नावावर राहणार नाही. यासाठी "ट्रान्झॅक्शन" असते. त्यातील सर्व बदल झाले तर सर्व कायम होतात; एकही अडला तर सर्व मागे घेतले जातात. यातील प्रत्येक पृच्छा त्या ट्रान्झॅक्शनच्याच दोरीत ओवलेली असावी लागते. एखादी पृच्छा बाहेरून चालविली गेली तर ती या संरक्षणाबाहेर राहते.

नावांचा पेच

आता लोधीखेड्याकडे पुन्हा वळू. नुक्ता असलेला "ड़" संगणकात दोन प्रकारांनी साठविता येतो : एका अखंड चिन्हाने, किंवा ड आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसतात. तुलना करताना संगणक त्यांना भिन्न मानू शकतो. यावर जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या मानकात "नॉर्मलाइझ" ही क्रिया आहे. ती दोन्ही प्रकार एकाच रूपात आणते. नोंद साठविताना आणि शोधताना, दोन्ही वेळा ती लावली पाहिजे.

एवढ्याने सारे प्रश्न मिटत नाहीत. नुक्ता नसलेला मराठी "ड" आणि नुक्त्याचा हिंदी "ड़" ही वेगळी अक्षरेच आहेत. मराठीतील "ळ" हिंदी कागदावर अनेकदा "ल" होतो. घरचे "काळे" कार्यालयात "काले" होतात. पांढुर्णा हे नाव "पांढुर्ना" असेही लिहिलेले आढळते. अशा वेळी नावाने शोध घेणे हाच मार्ग अपुरा ठरतो. गावासाठी क्रमांक वापरणे हे त्यावरील खात्रीचे उत्तर होय. केंद्र शासनाच्या पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत गावांना व जिल्ह्यांना असे संकेतांक दिलेले आहेत. गावाची ओळख संकेतांकाने ठेवली आणि त्याची मराठी व हिंदी नावे, तसेच जुना व नवा जिल्हा, वेगळ्या तक्त्यात नोंदविला, तर प्रश्न कोणत्याही रूपात आला तरी साखळी योग्य ओळीपर्यंत पोहोचते.

रिकाम्या उत्तराचा अर्थ

वरील सर्व विवेचनाचा मथितार्थ एका गोष्टीत सामावतो. पृच्छेचे उत्तर शून्य ओळी आले म्हणजे "नोंद नाही" असे सिद्ध होत नाही. लावलेल्या अटींना जुळणारी ओळ मिळाली नाही, इतकेच त्यावरून सिद्ध होते. अट चुकलेली असेल, जोडणीत नाव गळले असेल, जिल्हा जुना असेल किंवा नावातील एक नुक्ता आडवा आला असेल. गारपिटीने बागेचे नुकसान झालेल्या बागाईतदाराला "संगणकात तुमचे नाव नाही" असे सांगण्यापूर्वी याची खातरजमा होणे न्यायाचे आहे.

अधिकाऱ्यांनी रिकाम्या उत्तरानंतर निदान खसरा क्रमांकाने व गावाच्या संकेतांकाने पुन्हा शोध घेण्याचा परिपाठ ठेवावा. यादी तयार करवून घेताना ओळींची संख्या मूळ खातेसंख्येशी ताडून पाहावी. शिक्षकांना हा विषय वर्गात सहज शिकविता येईल. हजेरीपटाचे दोन तक्ते फळ्यावर मांडून "आणि" व "किंवा" यांतील भेद, तसेच साध्या व लेफ्ट जोडणीतील फरक विद्यार्थ्यांकडूनच काढून घेता येतो. त्यासाठी संगणकही लागत नाही. ग्रामस्थांनी ऋणपुस्तिका व खसऱ्याची नक्कल जवळ बाळगावी, आपला खातेक्रमांक व खसरा क्रमांक पाठ ठेवावा आणि आपले नाव कागदावर नेमके कसे लिहिलेले आहे ते अक्षर अन् अक्षर तपासून घ्यावे.

संगणक विचारले तेवढेच सांगतो. विचारणाऱ्याने प्रत्येक कडी पारखून जोडली, म्हणजे पटवाऱ्याच्या बस्त्यात असलेला शेतकरी संगणकाच्या यादीतही सापडतो.